चाळण गल्लीची पाटी

आमच्या गल्लीत गेल्या साठ वर्षांत कुणी एकही चाळणी बनवलेली नाही, तरी तिचं नाव चाळण गल्ली. पूर्वी म्हणे दारादारात तारा विणत बसलेले कारागीर असायचे. ते गेले, नाव राहिलं. शेजारची बहिऱ्याची गल्ली. तो बहिरा कोण, कधीचा, कुणालाच ठाऊक नाही. पण शहरातल्या कुठल्याही माणसाला विचारा, डोळे मिटून तुम्हाला तिथे आणून सोडेल.

या सगळ्या गल्ल्यांच्या पाट्या माझ्या आत्याच्या हातच्या. आजोबांच्या मागे रंगाचं दुकान खरं तर काकाकडे जायचं होतं, पण काकाला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घेरी यायची. म्हणून आत्याने ब्रश उचलला. बाई शिडीवर चढते म्हणून लोक आधी हसले. मग तिची अक्षरं बघितली आणि हसणं गिळून टाकलं. ती पत्र्यावर खडूचा दोरा ताणायची, एक टिचकी मारायची, आणि त्या रेघेवर अक्षरं अशी येऊन बसायची की जणू तिथलीच होती, नुसती झाकलेली होती. मी शाळेसाठी तिच्याकडे राहते. तिच्यासारखं लिहायला जमावं म्हणून मी दोन वह्या भरल्यात आणि अजून जमलेलं नाही, हे इथेच सांगून टाकते.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, मी आठवीत होते तेव्हाची. तेव्हा ते परके राज्य करत होते. त्यांना आमची नावं जिभेवर वळेनात, म्हणून त्यांनी नावंच काढून टाकायचं ठरवलं. सुरुवात शाळेपासून झाली. हजेरीला नावं बंद, प्रत्येकाच्या खिशावर शिवलेला आकडा. मी चौतीस. माझी जिवलग मैत्रीण बावीस. मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकींना नावाने हाक मारायचो, तीही कानात.

मग गल्ल्यांची पाळी आली. हुकूम निघाला की पंधरा दिवसांत शहरातली प्रत्येक पाटी बदलायची. आमची चाळण गल्ली आता मार्ग नऊ, तोही त्यांच्या लिपीत. आणि हे काम करायचं कुणी, तर शहरात पाट्या रंगवणारं जे एकमेव दुकान होतं त्याने. म्हणजे आत्याने.

हुकूम घेऊन जो अधिकारी आला त्याला आम्ही रुमालसाहेब म्हणायचो. रंगाच्या वासाने त्याचं डोकं उठायचं, म्हणून दुकानात पाय ठेवला की पांढराशुभ्र रुमाल नाकाला. आमची भाषा तो चिमट्याने उचलल्यासारखी बोलायचा.

"नाही म्हणालीस तर दुकान बंद. आणि तू आत," तो रुमालातून म्हणाला.

"नाही कशाला म्हणू, साहेब," आत्या म्हणाली. "रंग तेवढा द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोदामातून तेलरंगाचे बारा डबे आले. उत्तम रंग होता. आत्याने झाकण उघडून वास घेतला, मान हलवली आणि सगळे डबे फळीखाली सरकवून दिले.

आता जे सांगते ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुम्हाला आधीच सांगते, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आत्याने त्या डब्यांना हातच लावला नाही. खडूची भुकटी, रंगाची पूड आणि सरसाचं पाणी घोटून तिने साधा पाणरंग बनवला. जुन्या पाट्यांवर तिचं वार्निश होतंच, काचेसारखं. त्यावर पाणरंग ठरत नाही, ओघळतो. म्हणून ती आधी कापलेला बटाटा पाटीवर चोळायची, मग रंग लावायची. वाळल्यावर दिसायला अगदी पक्का. पण खाली जुनं नाव जसंच्या तसं, आणि त्यावर जो थर होता तो ओल्या फडक्याने गेला असता. पाऊस यायला चार महिने होते. तेवढे दिवस तोंड बंद ठेवायचं, एवढाच तिचा बेत. कळलं असतं तर तुरुंग होता, म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही. मलाही नाही. मला तर मुळीच नाही. माझं घरातलं नाव टकळी आहे, यावरून समजून घ्या.

बघणाऱ्यांना मात्र एवढंच दिसत होतं की आत्या रोज सकाळी शिडी खांद्यावर टाकून निघते आणि आपली नावं आपल्याच हाताने पुसून येते. समोरच्या न्हावीकाकांनी तिच्याशी बोलणं सोडलं. म्हणजे तिच्याशी सोडलं, तिला ऐकू जाईल असं गिऱ्हाइकाशी सुरू केलं.

"आम्ही पण कापतो," वस्तरा परजत ते म्हणायचे, "पण निदान परत उगवेल असं कापतो."

गिऱ्हाईक हसायचं. आत्या शिडी भिंतीला लावायची आणि म्हणायची, "काका, कल्ला एका बाजूला वर गेलाय. गिऱ्हाइकाला आरसा दाखवू नका."

मला ते हसू सहन व्हायचं नाही. एकदा जेवताना मी विचारलंच. "तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. गुडघे दुखतात."

"आत्या, मी खरं विचारतेय."

"मी पण खरंच सांगतेय. पान पुसून घे."

मी दोन दिवस अबोला धरला. माझा अबोला म्हणजे किती, तर शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत. पण त्या अबोल्यात मी एक गोष्ट पाहिली. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी लावलेली 'मार्ग नऊ'ची पाटी निस्तेज दिसत होती. चमकच नव्हती. आणि आत्याचा तर नियम होता, मला पाठ असलेला पहिला धडा: लिहिणं अर्धं काम, वार्निश अर्धं. बिनवार्निशाची पाटी तिच्या दुकानातून कधी बाहेर पडली नव्हती. मला वाटलं, लाजेने आणि घाईने ती विसरली. लोक तिला लाचार म्हणत होते, ते एक वेळ असो. पण उद्या कुणी तिला कामचुकार म्हटलं असतं तर मी मेले असते.

म्हणून ती बहिऱ्याच्या गल्लीत कामाला गेली असताना मी लहान शिडी काढली, वार्निशचा डबा घेतला आणि आमच्या पाटीवर दोन हात मारले. आडवा एक, उभा एक, तिच्यासारखे. एकही ओघळ नाही. इतकं नीट काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. आणि सांगितलं नाही, कारण अबोला होता.

दुसऱ्याच दिवशी पंधरा दिवस भरले आणि रुमालसाहेब तपासणीला आला. दोन शिपाई, एक वही. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं की पाटीवाली कच्चा रंग लावते. सगळं शहर हिंडायचा त्याला कंटाळा, म्हणून दुकानाजवळची पाटी बघू म्हणाला. आमचीच.

आत्या दारात उभी होती. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला काही कळेना. शिडीवर वाऱ्यात हेलकावे खाणारी ही बाई, तिने दाराची चौकट धरली होती.

रुमालसाहेबाने रुमाल नाकावरून काढला, शिपायाच्या बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि पाटीवर खसाखसा घासला. एकदा. दोनदा. मग रुमाल उलटा करून पाहिला. पांढराशुभ्र.

"पक्का," तो म्हणाला. वहीत तसं लिहिलं, खाली सही केली आणि निघून गेला.

आत्या आत आली आणि डब्यावर बसली. तिने पाटीच्या दिशेने पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे वळली.

"टकळे, तू त्या पाटीला काही केलंस?"

"वार्निश लावलं. तू विसरली होतीस."

ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग दार लावून तिने मला सगळं सांगितलं. पाणरंग, बटाटा, पाऊस, सगळं. मी ऐकत गेले आणि माझे कान तापत गेले. ही माझी आत्या, जिच्याशी मी अबोला धरला होता, ती रोज तुरुंगाच्या दारावर उभी राहून ब्रश चालवत होती, आणि वर लोकांचे टोमणे गुडघेदुखीसारखे सोसत होती.

"आता तुझ्या पोटात राहील का?" तिने विचारलं.

"राहील."

आणि राहिलं. पावणेतीन महिने. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तेच. न्हावीकाका टोमणा मारायचे आणि मी जीभ दातांखाली धरून पाण्याच्या कळशीकडे बघत राहायचे.

पावसापर्यंत थांबावंच लागलं नाही. मुलांची नावं परत द्या म्हणून आईबाप चौकात जमले. शाळेची खिशावरची आकड्यांची कापडं उसवून त्यांनी हातात धरली होती. भर दुपारची वेळ. त्यांना हटवायला परक्यांनी आगीचे बंब आणले आणि पाण्याचे झोत सोडले. माणसं पांगली, झोत त्यांच्या मागे गल्ल्यांमधून फिरत राहिले, भिंतींवर, दारांवर, पाट्यांवर.

मी आणि बावीस एका ओट्यामागे चिंब होऊन बसलो होतो. तिने माझा दंड धरला. समोरच्या भिंतीवर 'मार्ग बारा' वितळत होता. पांढरं पाणी ओघळत होतं आणि आतून एकेक अक्षर वर येत होतं. बहिऱ्याची गल्ली. वार्निशमुळे लखलखीत, जणू आजच लिहिलेली.

पळणारी माणसं थांबली. कुणीतरी नाव मोठ्याने वाचलं. मग दुसऱ्याने. ज्यांच्यावर पाणी सोडलं होतं ती माणसं पाण्यात उभी राहून आपल्या गल्लीचं नाव वाचत होती, आणि बंबावरच्या शिपायांना कळेना, पाणी बंद करावं की नको.

दिवस मावळायच्या आत सगळं शहर बादल्या घेऊन बाहेर आलं. जिथे बंब पोचला नव्हता तिथे लोकांनी स्वतः पाट्या धुतल्या. न्हावीकाका साबणाच्या पाण्याची बादली घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी गेले आणि घासू लागले. घासलं, घासलं. 'मार्ग नऊ' ढिम्म हलेना. सगळे गोळा झाले. एकेकाची नजर आत्याकडे वळली.

"ताई," न्हावीकाका कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "सगळ्यांची जाते. आपल्याच गल्लीची का जात नाही?"

आत्याने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि ते पिळू लागली. ती माझं नाव घेणार नव्हती, हे मला कळलं. परत एकदा ती सोसणार होती.

"ते वार्निश मी लावलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका मोठा निघाला. "आणि साहेबाने हीच पाटी घासून पक्की म्हणून सही केलीय. नाहीतर आत्या आज आत असती."

मग न्हावीकाकांनी बादली खाली ठेवली आणि आत्यापुढे हात जोडले.

"असू दे," आत्या म्हणाली. "पण तुमचा तो कल्ला खरंच वर गेला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले नाही. फळीखालून परक्यांचा तेलरंगाचा डबा काढला आणि मोठी शिडी 'मार्ग नऊ'ला लावली. आत्याचे गुडघे सुजले होते. ती खाली शिडी धरून उभी राहिली. आधी सगळी पाटी कोरी केली, रंग सुकेपर्यंत न्हावीकाकांच्या ओट्यावर बसून राहिले, मग खडूचा दोरा ताणला, टिचकी मारली आणि लिहायला घेतलं. 'चाळण' झालं. 'गल्ली'चा ग काढत होते तेव्हा खाली गप्पा थांबल्या. रुमालसाहेब आला होता.

"पाट्या कुणी बिघडवल्या?" त्याने आत्याला विचारलं.

"पाणी तुमच्या बंबाचं," आत्या म्हणाली. "आणि रंग पक्का होता. तुमची सही आहे ना, साहेब."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सही खोटी म्हणावी तर स्वतः अडकणार. त्याने वर पाहिलं.

"खाली उतर. नंबर काय तुझा?"

मी घाबरले होते. खोटं कशाला सांगू. पण शिडी आत्याने धरली होती, आणि ती धरते तेव्हा शिडी हलत नाही. मी माझं नाव सांगितलं. मग वडिलांचं. मग आडनाव. पूर्ण, हळू, त्याला लिहिता येईल असं.

"नंबर," तो परत म्हणाला.

"तेवढंच आहे, साहेब. लिहून घ्या."

खाली कुणीतरी माझं नाव पुन्हा म्हटलं. मग न्हावीकाकांनी म्हटलं. मग बावीसने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, कानात नव्हे, अख्ख्या गल्लीत. रुमालसाहेबाने वही उघडली आणि ज्या रकान्यात आकडा लिहायचा त्यात माझं नाव लिहिलं. मी मात्र 'गल्ली'तला 'ल्ली' पूर्ण करून मगच खाली उतरले. आठ दिवस शाळेतून काढलं मला.

पुढच्या वर्षी ते गेले. शहरातल्या सगळ्या पाट्या आत्याच्या हातच्या, एक आमची सोडून. ती माझी आहे आणि 'चाळण' आणि 'गल्ली' यांच्यात मी इतकी जागा सोडलीय की मधून बैलगाडी जाईल. मी म्हटलं, आता बदल ना, मला लाज वाटते.

आत्याने डोळे बारीक करून पाटी पाहिली.

"जागा चुकलीच आहे," ती म्हणाली. "वार्निश कधी लावतेस?"