मागे वळून पाहणारा पक्षी

मी एक जुनी झारी आहे. म्हणजे दुबईच्या अल कुसैस भागातल्या या घरात तरी मला झारीच म्हणतात. मित्रांनो, माझा जन्म तीन हजार वर्षांपूर्वी अश्कलोन नावाच्या समुद्रकाठच्या शहरात झाला. मला घडवणारी कुंभारीण पलिष्टी नावाच्या लोकांतली होती. तिचे आजी-आजोबा पश्चिमेकडच्या बेटांवरून होड्यांतून तिथे आले होते. जवाची दारू ओतताना कोंडा आत राहावा म्हणून तिने माझ्या तोटीत चाळणीसारखी भोके पाडली. पोटावर काळ्या-तांबड्या रंगात एक पक्षी काढला, मान मागे वळवलेला. "हा कुठे बघतो गं?" शेजारीण विचारी. "जिथून आलो तिकडे," कुंभारीण म्हणे.

माझे कौतुक दोन पिढ्या टिकले. मग तिची पतवंडे शेजाऱ्यांसारखी साधी भांडी घडवू लागली, भाषाही शेजाऱ्यांचीच बोलू लागली. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही, त्यांना तिथेच राहायचे होते. पण पक्षी कोणी काढीनासे झाले, आणि मी आधी अडगळीत व मग मातीखाली गेले. पुढे बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाने पलिष्ट्यांची शहरे जाळली आणि उरलेल्यांना धरून नेले. आज त्यांच्याबद्दल लोक जे वाचतात ते बहुतेक त्यांच्या शत्रूंनी लिहिलेले आहे. याचा मला अजून राग येतो.

मला कोणी उकरले, कोणी कोणाला विकले, ते राहू द्या. शेवटी दुबईतल्या एका हॉटेलच्या काचेच्या कपाटात शोभेला येऊन बसले, तेव्हा मी कोण हे सांगणारे कोणी उरले नव्हते. हॉटेलचे रंगरूप बदलले आणि मी भंगारात निघाले. तिथे नोकरीला असलेल्या वसईच्या कॅस्मिरने मला मागून घरी आणले. त्याच्या बायकोने, विल्माने, तोटीतली भोके पाहून निकाल दिला, "झारी आहे. कढीपत्त्याला पाणी घालायला बरी." मी आधी रुसले. पण इतक्या काळानंतर भोकांतून पाणी झरले तेव्हा, खोटे कशाला बोलू, बरे वाटले.

कॅस्मिर रोज सकाळी बाल्कनीत चहा घेऊन बसे आणि पक्ष्याला हळूच विचारी, "काय रे, वसई दिसते का?"

"दिसली तर विचार, आमच्या विहिरीला पाणी आहे का," विल्मा आतून टोमणा मारी.

त्यांच्या मुलीला, जोआनाला, मराठी समजे, पण ती उत्तर इंग्रजीतच देई. वसईला फोन लागला की आजी आणि नात एकमेकींकडे बघून नुसत्या हसत. म्हणून कॅस्मिरने तिचे नाव वसईकरांच्या मेळाव्यातल्या, बायबलमधल्या दावीद आणि गल्याथच्या नाटकात घातले. त्यात पोरसवदा दावीद पलिष्ट्यांच्या धिप्पाड योद्ध्याला, गल्याथला, गोफणीने पाडतो. पलिष्टी बाईने झारी घेऊन यायचे आणि एकच वाक्य म्हणायचे होते, "आमचा गल्याथ पडला."

"जो, मराठीतच बोलायचं हं. आजीला व्हिडिओ पाठवायचाय."

"आय नो, पप्पा."

नाटक बसवणाऱ्या करेन टीचरनी मुलांना सांगितले होते, "पलिष्टी म्हणजे एकदम रानटी लोक. कल्चर-बिल्चर काही नाही. प्रॉप्स पण तसेच डेंजरस दिसले पाहिजेत." जोआनाने ते फार मनावर घेतले. रंग नीट बसावा म्हणून तिने मला तारेच्या घासणीने घासले. पक्ष्याचे पंख गेले, पाय गेले, शेवटी वळलेली मान गेली. मग सोनेरी रंग देऊन तिने वर एक कवटी काढली. खऱ्या पलिष्टी भांड्याला असे पलिष्टी सोंग चढले. ती गुणगुणत, जीव लावून काम करत होती, त्यामुळे मला तिच्यावर धड रागावताही येईना.

कॅस्मिर ड्यूटीवरून आला. "पक्षी कुठे गेला, जो?"

"व्हॉट बर्ड, पप्पा? इट वॉज जस्ट सम ओल्ड डर्ट."

तो ओरडला नाही. "खलास," एवढेच म्हणाला आणि आत गेला.

मेळाव्यात गल्याथ धाडकन पडला. जोआना मला कमरेवर घेऊन पुढे आली आणि वाक्य विसरली. तिने मान मागे वळवली. पडद्याच्या कडेला कॅस्मिर फोन धरून उभा होता. ती वळलेली मान मला ओळखीची होती. "आमचा... आमचा..." तो कुजबुजला. ती म्हणाली, "अवर गोलायथ इज डेड." टाळ्या पडल्या. कॅस्मिरनेही फोन खिशात टाकून वाजवल्या. तो व्हिडिओ वसईला गेला नाही.

परवा सकाळी त्याने सवयीने माझ्याकडे पाहिले. "काय रे, वसई..." आणि कवटी बघून थांबला.

"हू आर यू टॉकिंग टू?" जोआनाने आतून विचारले.

"नोबडी," तो म्हणाला.

मित्रांनो, जुने भांडे घासायला घेण्याआधी घरात कोणाला तरी विचारा, यावर हे काय आहे. आणि मोठ्यांनो, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. कुंभारीण शेजारणीला सांगत राहिली, कॅस्मिर पक्ष्याशी बोलत राहिला. ज्यांना सांगायचे ती मुले आतल्या खोलीतच होती.