माझ्या पोटात जळालेलं गाणं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, तोही अर्धा जळलेला. दूर प्रशांत महासागरातल्या अबायांग बेटावर, तेरेतियाच्या घरात, दाराजवळच्या फळीवर पडून असतो.

एकेकाळी माझा काय थाट होता! सभागृहात नाच असो की बाळाचा पहिला वाढदिवस, तेरेतियाच्या गळ्यात मी दिसलो की सगळे केस सावरायचे. फक्त तिचे वडील, तेकिनेने, मला टाळायचे. एका सकाळी ते माडावर चढून माडी काढत होते आणि इथली माणसं गातात तसे वरून मोकळ्या गळ्याने गात होते. तेरेतियाने खालून गुपचूप ते टिपलं. पुढच्याच आठवड्यात ते मासे धरायला गेले आणि त्यांची होडी रिकामीच परत आली. त्यांचा आवाज उरला तो फक्त माझ्या कार्डावर.

माझी मूळची बॅटरी सहा वर्षं चालून थकली होती. दुकानात दोन नव्या होत्या. एक माझ्याच जातीची, महाग. दुसरीवर ना नाव, ना व्होल्टेज.

"ताई, दोन्ही चौकोनीच आहेत की! नाव काय चाटायचंय?" तिचा धाकटा भाऊ बिरिबो म्हणाला.

स्वस्तातली आणली. महिनाभरात तिने मान टाकली.

तेवढ्यात वडिलांच्या आठवणीसाठी सगळे जमायचा दिवस आला. त्यांची आई रोतिया हिला आता डोळ्यांनी दिसत नाही. तिला ते गाणं ऐकवायचं कबूल केलं होतं. बिरिबोने बॅटरी पत्र्यावर उन्हात ठेवली. विजेरीचे सेल असे तापवले की थोडे चालतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक. पण ही विजेरीचा सेल नव्हती हो! ती फुगली. तरी त्याने ती माझ्यात कोंबली.

माझं पोट पोळू लागलं. कार्ड तिला खेटूनच होतं. आधी ते काढा रे, एवढंच मला सांगायचं होतं!

"बिरिबो, कसला तरी वास येतोय. राहू दे!"

"थांब गं, आत्ता उपसतो."

त्याने वडिलांची माडीची कोयती घेतली आणि टोक खुपसलं. धूर, मग जाळ. बिरिबोची बोटं भाजली. तेरेतियाने मला वाळूत भिरकावलं आणि वर वाळू लोटली. कार्ड वितळून माझ्या अंगाला चिकटलं.

मित्रांनो, तुमच्या पाया पडतो. बॅटरी घेताना नाव वाचा, व्होल्टेज जुळवा. ती उन्हात ठेवू नका. फुगली तर तिला टोचू नका, दाबू नका, पुन्हा वापरू नका. आणि जिवापाड जपायचं ते एकट्या माझ्यावर सोपवू नका.

गाणं जळून गेलं, हे रोतियाला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती रोज चाचपडत फळीपाशी येते, मला कानाशी धरते.

"म्हण की रे," ती म्हणते, "एकच ओळ म्हण."