माझ्या पोटातले एक्केचाळीस धवले

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कंपनीचा नव्हे, जुळवलेला. माझी पेटी एकीकडची, आतला बोर्ड दुसरीकडचा आणि पडदा तर आधी कुणाच्या तरी ऑफिसात राहून आलेला. अकरा वर्षांपूर्वी भाईंदर पूर्वेला केबिन रोडवरच्या एका अरुंद दुकानात रोशन नावाच्या तरुणाने एका दुपारी मला उभं केलं. एक स्क्रू कमी पडला, तो त्याने खणातून भलताच काढून लावला. तो आजही माझ्या पाठीत आहे आणि बाकीच्यांपेक्षा अंमळ लांब आहे. सांगण्याचा मुद्दा एवढाच, की मी काही मोठ्या घराण्यातला नाही, त्यामुळे माझ्याकडून उगाच मोठेपणाच्या गोष्टी ऐकायला मिळणार नाहीत.

मला विकत घेतलं हितेशने. तो भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा गावातला. त्यांच्या घराण्याची पूर्वी मिठागरं होती. ज्या खोलीत मला ठेवलं, तिथे त्याचे आजोबा मीठ ओढायची फावडी ठेवत. फावडी गेली, पण खारं वारं काही गेलं नाही. दोन पावसाळ्यांत माझे स्क्रू तांबूस झाले. हितेश एका कुरियर कंपनीत नोकरीला. त्याला वाटलं होतं, संगणक शिकलो की बढती मिळेल. बढती मिळाली चार वर्षांनी, पण तोवर मी अख्ख्या आळीचा लाडका झालो होतो. कुणाचा दाखल्याचा अर्ज, कुणाचा कॉलेजचा फॉर्म, कुणाचं रेल्वेचं तिकीट. बायका यायच्या, पोरांचे फोटो पेन ड्राइव्हमध्ये घेऊन. "हितेशचा कम्प्युटर हाय म्हणून बरा," असं लोक म्हणायचे आणि मी पंखा जरा जोरात फिरवायचो.

मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. माझ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आलं आणि कव्हरावर पापडांचा डबा. मी रागावलो का? रागावलो. दीड वर्ष मला कुणी सुरूही केलं नाही, तर राग येणारच.

मला पुन्हा जागं केलं हेमांगीने. हेमांगी म्हणजे हितेशची बायको, मीरा रोडच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तिची सासू सरूबाई ही गावातली धवलारीण. आमच्याकडे आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, म्हणतात. हळद दळायला वेगळा धवला, पाणी भरायला वेगळा, देवांना आणि गेलेल्या पूर्वजांना लग्नाला बोलवायला वेगळा. ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. सरूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. सगळं डोक्यात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनने जीव वाचेल, आवाज राहील असं धरून चालू नका. ऑपरेशनला एक महिना होता. त्या महिन्यात हेमांगी रोज संध्याकाळी रेकॉर्डिंग सुरू करून तांदळाच्या डब्याला फोन टेकवून ठेवायची आणि समोर सरूबाई म्हणत बसायच्या. एकूण एक्केचाळीस धवले झाले. फोन भरला, म्हणून तिने ते माझ्यात आणून ठेवले, डेस्कटॉपवर, 'आई' नावाच्या फोल्डरमध्ये, आणि फोनमधले काढून टाकले.

सरूबाई वाचल्या. आवाज गेला. आता त्या बोलतात ते नुसत्या श्वासावर, कान जवळ न्यावा लागतो.

म्हणजे बघा, एका बाईचा आवाज साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण म्हणजे गंजक्या स्क्रूंचा मी. मला त्याचं फार ओझं वाटायचं.

या वर्षी हितेशच्या चुलत बहिणीचं, समिधाचं लग्न ठरलं. धवले कोण म्हणणार, यावर घरात बोलणं झालं तेव्हा सरूबाईंनी हेमांगीकडे बोट केलं. हेमांगीने ठरवलं, स्वयंपाक करता करता ऐकून पाठ करायचे. सरूबाईंकडे भजनं ऐकायचा लाल रंगाचा छोटा स्पीकर होता, पेन ड्राइव्ह लावायचा. पण फोनवर रेकॉर्ड केलेले धवले त्याला वाचता येईनात. मग एका रविवारी ती माझ्यासमोर बसली आणि गाण्यांचा प्रकार बदलून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर शोधू लागली.

फुकट ते पौष्टिक, असं लोक म्हणतात. त्या पानावर डाऊनलोडची तीन हिरवी बटणं होती. त्यातलं सगळ्यात छोटं बटण खरं होतं. तिने सगळ्यात मोठं दाबलं. मग मी एकामागून एक चार प्रश्न विचारले. हेही बसवू का, तेही बसवू का, तुमचं पहिलं पान बदलू का. बरोबरच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या होत्या, त्या काढायच्या होत्या. गॅसवर डाळ होती. तिने 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'नेक्स्ट' केलं. शेवटी एक पान आलं: 'तुम्ही यंत्र नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा.' माझ्याच तोंडावर हे विचारत होते. तिने तेही दाबलं. मी तिला दोष देत नाही, पण खरं तेच सांगतो. चोर खिडकी फोडून आला नाही, त्याला आपण दार उघडून या म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून माझा मी राहिलो नाही. इंटरनेट उघडलं की नेहमीचं पान येईना, कुठलंतरी अनोळखी शोधपान येई. तिने काहीही शोधलं तरी तो आत घेतलेला पाहुणा तिला भलत्याच दुकानांत घेऊन जाई. कोपऱ्यातून टुण टुण करत चौकटी निघत. 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, या नंबरवर ताबडतोब फोन करा.' पाच कसले, एकही तसला नव्हता, जो होता तो हे सांगणाराच होता. आणि त्यानंतर आल्या त्या नको तसल्या चित्रांच्या चौकटी, ज्या चारचौघांत बघवत नाहीत. एक बंद केली की दोन येत.

घरात सासू, पुढे लग्नघर. हेमांगी काय करायची, तर सरूबाईंची चाहूल लागली की माझ्या तोंडावर टॉवेल टाकायची. मग तिने मला सुरू करणंच सोडलं. कुणाला काय सांगणार? लोक म्हणतील, हिनेच असलं काही बघितलं असेल. आठ दिवस ती गप्प राहिली.

त्या आठ दिवसांत हितेशही एकदा माझ्यासमोर बसला, लाईटचं बिल काढायला. टुण. चौकट. चित्र. त्याने चटकन मागे वळून बघितलं, दार लोटलं आणि माझी वायर ओढली. त्याच्या मनात आलं, हेमांगीने बघितलं तर तिला वाटेल हे आपलेच उद्योग. तोही गप्प राहिला. एका घरात दोन माणसं एकाच गोष्टीला लाजत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच आहोत. माझ्यासारख्या मठ्ठ यंत्रालाही ते कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

एका शनिवारी हेमांगी शाळेत गेल्यावर हितेशने मला चादरीत बांधलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन केबिन रोडला नेलं. रोशनचं दुकान तेच, फक्त तो आता जाडा झालाय आणि चष्मा लावतो. त्याने माझी पाठ बघितली आणि म्हणाला, "हा मुर्ध्याचा पीसी ना? तुमच्याकडच्या मशीनचे स्क्रू बघूनच कळतं." मग माझ्या पाठीतल्या लांब स्क्रूवर बोट फिरवलं. मला बरं वाटलं.

त्याने मला दुकानातल्या परक्या पडद्याला जोडलं. टुण, टुण, टुण. हितेश रस्त्याकडे बघू लागला.

"फॉर्मॅट मारतो," रोशन म्हणाला. "अर्ध्या तासात कोरा. आतलं काही ठेवायचंय?"

हितेश म्हणाला, "न्हाय. काय न्हाय आत. सगळं उडव."

तो खोटं बोलत नव्हता. धवले रेकॉर्ड होताना त्याने बघितले होते, पण ते हेमांगीच्या फोनमध्ये आहेत अशीच त्याची समजूत होती. मित्रांनो, डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू अगदी समोर दिसते, म्हणून ती सुरक्षित आहे असं वाटतं. फॉर्मॅट केलं की पहिली तीच जाते. माझ्याआधी दुकानात आणखी दोन यंत्रं होती, म्हणून रोशनने मला बाजूला ठेवलं. हितेश चहा प्यायला गेला. मी फळीवर बसून एक्केचाळीस धवले मोजत होतो. दुसरं काय करणार?

शनिवारी शाळा अर्धा दिवस. हेमांगी घरी आली तर टेबलावर नुसता पडदा, पेटी नाही. तिने सासूला विचारलं. सरूबाईंनी तिला जवळ ओढलं आणि श्वासावर सांगितलं, की हितेश पेटी घेऊन केबिन रोडला गेला आणि जाताना चोरासारखा गेला. हेमांगीने हितेशला दोनदा फोन लावला. त्याने बघितला आणि उचलला नाही. ती तशीच शेअर रिक्षाने स्टेशनला आली, पुलावरून पूर्वेला उतरली आणि केबिन रोडच्या शनिवारच्या गर्दीतून वाट काढत निघाली. दुकानाच्या पायरीवर ती चढली तेव्हा रोशनने माझ्यात पेन ड्राइव्ह लावला होता आणि पडद्यावर शेवटचा प्रश्न होता, सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का?

"थांबा," ती म्हणाली. "आत आईंचा आवाज आहे."

हितेशच्या हातातला चहाचा ग्लास तिथेच राहिला. "तुझ्या फोनमध्ये हाय ना?"

"नाही. जागा नव्हती, काढून टाकले. फक्त ह्याच्यात आहेत." मग तिने एक श्वास घेतला. "आणि हे जे येतंय ना सगळं, ते माझ्यामुळे येतंय. मीच डाऊनलोड केलं. आठ दिवस झाले, सांगायची लाज वाटली."

हितेशने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला वाटेल मी बघतो."

रोशनने चष्मा काढून पुसला. "वहिनी, रोज तीन-चार जण हेच घेऊन येतात. आणि प्रत्येक जण सांगतो, मित्राचा पीसी आहे." दोघंही हसली. मीही हसलो असतो.

पुढचे तीन तास माझ्यावर जे झालं, ते सांगतो, कारण ते तुमच्याही कामी येईल. आधी रोशनने इंटरनेट तोडलं आणि 'आई' फोल्डर दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवलं. मग बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लावली. त्या रविवारच्या तारखेला चार नावं होती. ती चारही काढली. ब्राऊजरच्या आत दोन अनोळखी एक्स्टेन्शन चिकटली होती, ती उपटली. मग कुणाकुणाला सूचना पाठवायची परवानगी दिली आहे ती यादी काढली. त्यात अकरा जण निघाले, त्यांची परवानगी रद्द केली. टुण टुण थांबली ती तिथे. पहिलं पान आणि शोधयंत्र पुन्हा पूर्वीचं केलं. तरीही सुरू केल्यावर तेच अनोळखी पान आलं. रोशनने डोकं खाजवलं आणि ब्राऊजरच्या चित्रावर जाऊन त्याचा पत्ता तपासला. पाहुणा जाताना तिथे शेपूट सोडून गेला होता, खऱ्या पत्त्यामागे स्वतःचा पत्ता जोडून. ते शेपूट कापलं. शेवटी खात्रीच्या तपासनीस प्रोग्रॅमने सगळा कानाकोपरा बघून घेतला आणि मला बंद करून दोनदा सुरू केलं. शांत. चौकटीतल्या त्या नंबरवर मात्र कधीच फोन करू नका, असं रोशनने दोघांना बजावलं.

माझ्या अंगावरून डास उठावेत तसं झालं. हेमांगीने तिथेच पहिला धवला लावून बघितला. सरूबाईंचा जुना, भरलेला आवाज त्या अरुंद दुकानात घुमला आणि बाजूच्या बांगड्यांच्या दुकानातली बाई डोकावून ऐकू लागली.

घरी आल्यावर हेमांगीने सासूला सगळं सांगितलं, चित्रांसकट. सरूबाई ऐकत होत्या. मग त्यांनी दोघांना जवळ बोलावलं. कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"घरान चोर शिरला त बोंब मारायची," त्या म्हणाल्या. "तोंडाव पदर घेऊन बसलं त चोर मजेन जेवतो."

ज्या बाईला बोंब मारता येत नाही, ती हे सांगत होती. हेमांगीने मान खाली घातली आणि हितेशने उगाच माझी वायर सरळ केली.

लाल स्पीकरचा नाद सुटला आणि नंतरचे तीन आठवडे मीच राबलो. पाणी भरायचा धवला मी तिला एकशे वीस वेळा तरी ऐकवला असेन. ती चुकली की सरूबाई बांगड्या टेबलावर वाजवायच्या. समिधाच्या हळदीच्या दिवशी मांडव अगदी आमच्या खिडकीला लागून होता. मला कुणी सुरू केलं नव्हतं. मी अंधारलेल्या पडद्याने ऐकत होतो. हेमांगीचा आवाज सरूबाईंसारखा नाही, बारीक आहे. तिसऱ्या धवल्यात, पूर्वजांना बोलवताना, ती अडखळली. मांडव गप्प झाला. मला पुढचा शब्द येत होता आणि मला सांगता येत नव्हता. मग बांगड्या वाजल्या. आणि हेमांगीने ओळ उचलली आणि शेवटपर्यंत नेली.

त्या दिवसापासून माझ्यावरचं ओझं उतरलं आहे. धवले आता तीन ठिकाणी आहेत, दोन पेन ड्राइव्हवर आणि माझ्यात. नाही, चार. हेमांगीला विसरलोच.

मित्रांनो, मी आणखी किती वर्षं टिकेन सांगता येत नाही. खारं वारं माझ्या स्क्रूंना सोडणार नाही. पण तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल, तर 'नेक्स्ट' दाबण्याआधी तो काय विचारतो तेवढं वाचा. आणि वाचूनही चूक झालीच, तर त्याच्या तोंडावर टॉवेल टाकू नका. घरातल्यांना हाक मारा. चोराला बाहेर काढायला तीन तास लागतात. पण आत काय ठेवलं आहे, ते तुम्ही सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही.