कायद्याच्या नजरेत

सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातली पूनम कोळेकर सोलापुरात कायदा शिकवायला लागली, तेव्हा कामगार कायद्याच्या तासाला निम्मा वर्ग रिकामा असे. तिनं मात्र सगळं आयुष्य त्याच विषयाला दिलं. शाळेचे गणवेश घरी बसून शिवणाऱ्या बायकांवर तिनं पीएचडी केली. पुढं त्याचं इंग्रजी पुस्तक झालं आणि दिल्ली-बंगळूरहून भाषणांची बोलावणी येऊ लागली.

त्या पुस्तकासाठी सगळ्यात मोकळेपणानं बोलल्या होत्या त्या बजाबाई. नीलमनगरात त्यांच्या पत्र्याच्या दोन खोल्या, दारातल्या उजेडात मांडलेलं शिलाई मशीन. कारखान्यातून कापलेल्या कापडाचे गठ्ठे यायचे आणि बजाबाई शर्ट-चड्ड्या शिवून परत धाडायच्या. पूनम तिथं जाऊन बसायची, काजं-बटणं करू लागायची आणि विचारत राहायची. ती त्यांना मावशी म्हणायची, त्या तिला बाई.

एकदा बोलता बोलता बजाबाईंनी सांगितलं, की माल नापास झाला तर तो उसवून पुन्हा फुकट शिवून द्यावा लागतो, कापताना चूक कारखान्याची झालेली असली तरी. पूनम म्हणाली, हे बरोबर नाही मावशी, तुम्ही नाही म्हणू शकता. बजाबाईंनी ते मनावर घेतलं. गल्लीतल्या चार बायकांना घेऊन त्या कारखान्यावर गेल्या आणि तोंडावर नाही म्हणून आल्या. त्यानंतर बजाबाईंच्या दारात गठ्ठा आला नाही. त्या चौघींच्या दारात मात्र आला.

पूनमला राहवलं नाही. तिनं बसलिंगप्पा वकिलांना गळ घातली. ते म्हातारे झाले होते, पण अशा केसला नाही म्हणत नसत. बजाबाईंचं काम बंद केलं म्हणून कामगार न्यायालयात तक्रार दाखल झाली. कारखान्याच्या बाजूनं उभा राहिला विरुपाक्ष, पूनमच्याच हाताखाली शिकून गेलेला. त्याला बघून तिला उलट बरं वाटलं. पोरगा हुशार, मुद्द्याला धरून बोलेल, उगाच बजाबाईंची अब्रू काढणार नाही, असा तिनं विचार केला.

विरुपाक्ष मुद्द्याला धरूनच बोलला. ही बाई स्वतःच्या घरी, स्वतःच्या मशीनवर, सवडीनं काम करते, तिच्यावर कारखान्याचा ताबा नाही, असं त्यानं मांडलं. मग पिशवीतून पूनमचं पुस्तक काढलं. त्यातलं एक वाक्य इंग्रजीत वाचलं आणि मराठीत अर्थ सांगितला, "घरी बसून शिवणारी बाई आजच्या कायद्याच्या नजरेत कामगार ठरत नाही. या विषयातल्या जाणकार प्राध्यापिका डॉक्टर पूनम कोळेकर यांचंच हे मत आहे."

मागच्या बाकावर बजाबाई पूनमला खेटून बसल्या होत्या. त्यांनी नाव ऐकलं आणि मान वळवून तिच्याकडं पाहिलं. ते वाक्य तिनं रागानं लिहिलं होतं, कायदा किती आंधळा आहे हे दाखवायला. उठून तसं सांगावं असं वाटलं, पण कोर्टात बाकावरच्या माणसाला बोलता येत नाही, हे तीच मुलांना शिकवत आली होती.

बसलिंगप्पांनी पुस्तक मागून घेतलं आणि पुढचा परिच्छेद वाचून दाखवला. म्हणून कायदा बदलला पाहिजे, असं त्यात होतं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. कायदा कसा असावा हे मी ठरवत नाही, आहे तो वाचणं माझं काम, असं ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात विरुपाक्ष येऊन पूनमच्या पाया पडला. मनापासूनच पडला. "मॅडम, तुमच्याइतकं स्वच्छ कुणीच मांडलेलं नाही," म्हणाला. तिला त्याच्यावर धड रागावताही येईना.

बजाबाई बाजूला उभ्या होत्या. तो गेल्यावर जवळ आल्या. "बाई, ते तुमीच लिवलंय व्हय?"

"हो मावशी, मीच. पण मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग तसं कशाला लिवलं?"

पूनमनं समजावून सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. तिचं तिलाच ते सांगणं पटेना.

तक्रार फेटाळली गेली. वरच्या कोर्टात जाऊ, असं पूनम म्हणाली, तेव्हा बसलिंगप्पांनी नकारार्थी मान हलवली. तिथंही ते पुस्तक आपल्या आधी पोचेल, असं म्हणाले.

दिवाळीनंतर ती नीलमनगरात गेली. गल्लीतून चालताना ओळखीच्या बायका मशीनवरनं मान वर करीनात, एकीनं तर दार लोटून घेतलं. बजाबाई आता कडक भाकरी भाजण्याच्या कामाला जात होत्या, हातांना चटके बसलेले दिसत होते. घरात मशीनवर त्यांची सून बसली होती आणि तिच्या पायाशी निळ्या कापडाचा गठ्ठा होता.

बजाबाईंनी चहा केला, नेहमीसारखी घरची चौकशी केली. कप रिकामा झाल्यावर हळूच म्हणाल्या, "बाई, राग मानू नगा. तुमी हितं येत जाऊ नगा. सुनंला काम देताना कारखान्यावाल्यांनी तेवढंच कबूल करून घ्येतलंय."

पूनम बरं म्हणाली. सुनेनं मशीन थांबवलं नव्हतं, त्यामुळं ते बरं म्हणणं बजाबाईंना ऐकू गेलं की नाही, तेही कळलं नाही. चपला घालून ती बाहेर पडली. बजाबाई सोडायला दारापर्यंत आल्या, उंबऱ्याच्या आतच थांबल्या, आणि ती वळणावर पोचायच्या आधी आत निघून गेल्या.