दोन पाळणे

टरबुजाला टिचकी मारून ते आतून लाल की पांढरं हे सांगणारा शालिग्राम म्हणजे हिवरा आश्रमच्या बाजारातला शहाणा माणूस. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं. एकोणसत्तर साली त्याच्या बायकोचं, रुख्मिणीचं पोट सातव्या महिन्यातच नवव्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा त्यानं नुसतं पाहूनच जाहीर केलं, "जुळे हायेत!" आणि सुताराला दोन पाळणे सांगितले.

गावात येणाऱ्या नर्स मंजुळाबाईंनी पोट तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "शालिग्रामभाऊ, पाणी लय हाये. डोकं हाताले नीट लागत नाही. बुलढाण्याले नेऊन पोटाचा एक्स-रे फोटो काढा."

"दोन डोके हायेत बाई, म्हणून तुमचा हात गोंधळला!"

ओट्यावरचे सगळे हसले. रुख्मिणी हसली नाही. "मले दम लागून राह्यला. जाऊन येऊ न," ती म्हणाली. पण दोनदा एसटी बदलायची, त्यात वांगी तोडणीला आलेली. "पुढच्या हप्त्यात," शालिग्राम म्हणाला.

पुढच्या हप्त्यात कळाच सुरू झाल्या. मंजुळाबाई हातात फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आल्या, तर हा शहाणा विचारतो, "अन् दुसरं?"

"दुसरं नाही, भाऊ."

मुलगी होती. ओठ रुख्मिणीचे, बोटं बापासारखी लांब. भुवयांच्या वर मात्र कवटीच नव्हती. अर्धा तास ती आईच्या कुशीत श्वास घेत राहिली.

"फोटो काढला असता तं वाचली असती?" शालिग्रामनं विचारलं.

"नाही. पण तुमाले आधी समजलं असतं. रुख्मिणीले हे असं अचानक पाहा लागलं नसतं."

गावानं त्याला मूर्ख म्हटलं नाही. ते काम त्यानं स्वतःच अंगावर घेतलं. भेटेल त्याला सांगायचा, "मी दुसरं कुठं हाये म्हणून विचारलं बे! असा हुशार मी."

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले, तेव्हा कोणी सांगायच्या आधीच तो रुख्मिणीला बुलढाण्याला घेऊन गेला. योग्य महिना आल्यावर डॉक्टरांनी फोटो काढला. शालिग्रामनं तो उजेडात धरला, तोही उलटा.

"काय समजलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही साहेब. म्हणून तं आलो."

डॉक्टरांनी फोटो सरळ केला आणि कवटीची गोल रेघ बोटानं दाखवली. पूर्ण होती. मग कागद पुढे ओढून विचारलं, "पहिलंच का?"

शालिग्राम "हाव" म्हणणार, तेवढ्यात रुख्मिणी बोलली. "नाही. एक मुलगी झाली होती."

"हाव," तो म्हणाला. "लिहा साहेब. मुलगी होती."