कुठला पाय?

चर्चमध्ये वोब्बे प्रार्थनेला उभा राहिला, की मंडळी बाकावर जरा सैलावून बसत. घाई नसायची. देवा, माझा गुडघा. देवा, माझं गळकं छप्पर. देवा, माझ्या नासपतीला लागलेली कीड. शेवटी घाईघाईत, "आणि जगाचं भलं कर, आमेन."

"देवानं गुडघे टेकायला दिलेत," त्याची बायको आउक्ये म्हणायची, "तू त्यांचं प्रदर्शन मांडलंयस."

एका रविवारी पाळकबाईंनी त्याला गाठलं. कालव्यापलीकडचा हेर्के पाय मोडून पडला होता. बायको त्रीन गेल्यापासून बिचारा एकटाच. वोब्बेनं त्याला भेटून यावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

वोब्बे वाटाण्याचं दाट सूप घेऊन गेला आणि दिवे लागायच्या सुमारास खुशीत परतला.

"हेर्केला फार बरं वाटलं बघ. मी होतो म्हणून."

"कुठला पाय मोडलाय?" आउक्येनं विचारलं.

वोब्बे थबकला. "उजवा. म्हणजे... डावा असेल. पांघरूण होतं ना."

"पडला कसा?"

"ते काही बोलला नाही तो."

"बोलायला फट दिलीस का त्याला?"

वोब्बे रागावून जेवायला बसला. दुपारभर हेर्केपाशी बसून आपण नेमकं काय ऐकलं, हे तो आठवू लागला. आठवला फक्त स्वतःचाच आवाज.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. त्याला बघताच हेर्केनं डोळे मिटून घोरायला सुरुवात केली.

"झोपलायस?"

"गाढ," हेर्के म्हणाला.

"हेर्के, पाय कुठला मोडलाय?"

हेर्केनं एक डोळा उघडला. "डावा. का रे?"

"आणि पडलास कसा?"

हेर्के उशीला टेकून उठून बसला. "हसशील."

"नाही हसणार."

"लांब काठी टेकून कालव्यावरून उडी मारायला गेलो."

"या वयात? अरे, मी तर विशीत..." वोब्बेनं जीभ चावली आणि समोरच्या बशीतला केकचा एक तुकडा तोंडात कोंबला. "मग?" तो भरल्या तोंडानं म्हणाला.

"त्रीनचा वाढदिवस होता. पहिल्यांदा तिनं मला पाहिलं, तेव्हा मी अशीच उडी मारून चिखलात पडलो होतो. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हटलं, आज परत मारून बघू."

"आणि?"

"चिखल तोच होता. हसायला कुणी नव्हतं."

वोब्बेला स्वतःचं बरंच काही सांगावंसं वाटलं. प्रत्येक वेळी त्यानं केकचा तुकडा उचलला. केक संपला, तरी हेर्के बोलतच होता. त्रीन चीज कशी बनवायची, भांडली की दारं कशी आपटायची, शेवटच्या हिवाळ्यात हात कसा घट्ट धरून ठेवायची. मध्येच तो रडला. वोब्बे उठला आणि मोरीत साठलेली भांडी घासू लागला. हेर्के आतून ओरडला, "त्या निळ्या कपाला जप, तिचा आहे!" वोब्बेनं तो दोन्ही हातांनी धुतला.

घरी आल्यावर आउक्येनं विचारलं, "आज काय ऐकवलंस त्याला?"

"अगं, त्रीन भांडताना दारं आपटायची, माहितेय तुला?" वोब्बे कोट न काढताच सांगू लागला. आउक्ये ऐकत चुलीपाशी उभी राहिली. बटाटे करपल्याचा वास दोघांनाही आला नाही.