आवाज वाढव, हरिदास

सिनेमावाल्यांनी कवडूला त्या दिवशी दहा वेळा फाट्यावर उभं केलं आणि दहाही वेळा तो नुसता खांबासारखा उभा राहिला. कपाशीतली डवरणी अर्धी टाकून आला होता बिचारा. बैलजोडी बाभळीखाली बांधलेली, अंगातला सदरा घामानं चिंब. कॅमेरा थांबला की मी पळत जाऊन त्याच्या डोक्यावर छत्री धरायची, एवढंच माझं काम. गावात किराणा दुकान माझं, फोनचा डबाही माझाच, म्हणून त्या लोकांनी मला जबाबदार माणूस धरलं होतं.

सिनेमा बाप-लेकाचा होता, त्यात बाप कवडू. लेक शहरात निघतो, बाप त्याला फाट्यापर्यंत पोचवायला येतो, कोणी काही बोलत नाही, एसटी निघून जाते. संपलं. एवढ्यासाठी देवळीहून अख्खी लाल गाडी आणली होती.

"काका, बोलायचं काहीच नाही," दाढीवाला डायरेक्टर पुन्हा पुन्हा सांगे. "नुसतं मुलाकडे बघायचं."

"पाहूनच राह्यलो ना बाप्पा," कवडू म्हणे.

शेवटी डायरेक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना मुलगा आहे का हो?"

आहे, म्हणालो. आणि मग न विचारलेलंही सांगितलं. तोंडाला कुलूप नाही माझ्या.

कवडूचा नागसेन मिसरूड फुटल्यापासून बापाशी सरळ बोलत नसे. बापही तसाच अडेल. दोघं वावरात एकत्र राबायचे आणि मधे बैल घालून बोलायचे. "मोऱ्या, सांग त्याले, भाकर आली." की तिकडून उत्तर, "मोऱ्या, बुढ्याले म्हनाव, डवऱ्याची पाळी झाल्यावर खातो." मोऱ्या कान हलवायचा आणि दोघांचं काम भागायचं. कवडूची बायको सुलोचना वावराच्या धुऱ्यावर बसून पदर तोंडाला लावून हसायची. घरात दोघांना जोडणारी तीच.

मग नागसेन नाशिकला कंपनीत लागला. नव्याण्णव सालच्या भादव्यात सुलोचना तापानं तीन दिवसांत गेली. तेव्हा गावात फोन नव्हता, तार उशिरा पोचली. नागसेन आला तेव्हा राखसुद्धा थंड झाली होती. पोरगं उंबऱ्यात उभं, हातात पिशवी, आणि कवडू चार माणसांत त्याला म्हणाला, "जनावर बी दावं तोडून येते रे." आयुष्यात पहिल्यांदा बैल मधे न घालता बोलला, तर हे बोलला. पोरगं पाणीही न पिता आल्या पावली परत गेलं. त्याला तीन वर्षं झाली होती.

डायरेक्टरनं ऐकून घेतलं, कवडूपाशी गेला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. अकराव्या वेळी गाडी हलली. कवडू दोन पावलं पुढं सरकला, गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि खिडकीतल्या त्या परक्या पोराला म्हणाला, "नागसेन, चुकलं माहं. घरी ये, बाप्पा."

मी दहा हातांवर होतो. स्वच्छ ऐकलं. छत्री माझ्या हातातून पडली.

डायरेक्टर डोळे पुसत म्हणाला, "हेच पाहिजे होतं मला." आणि मग कानाला यंत्र लावलेल्या त्याच्या आवाजवाल्या माणसाशी हळूच काही बोलला. ते मात्र आम्ही ऐकलं नाही.

तेव्हापासून दर आठ दिवसांनी कवडू दुकानात. "हरिदास, कवा दाखवतीन रे? मी बोललो थे सगळं येईन ना त्याच्यात?"

"येईन ना. जाते कुठी?" मी म्हणायचो.

"मंग नागसेनले फोन कर. पाह्य म्हनाव."

दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी, दूरदर्शनवर सिनेमा लागला. नागसेनला मी आधीच फोन केला होता. तो हो-नाही काही बोलला नाही. कवडू धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून अर्धा तास आधीच येऊन बसला. सगळं गाव माझ्या ओसरीवर. पण सिनेमा असा, की बाप चहा पितो तर पाच मिनिटं चहाच पितो.

"हरिदास, टीवी अटकला काय रे तुहा?" बाबाराव म्हणाला.

"कोनी काई बोलूनच नाई राह्यलं. मुके हायेत काय सारे?" रुख्माबाई म्हणाली. हळूहळू लोक उठले. आम्ही चौघं उरलो.

फाटा आला. लाल गाडी आली. कवडू पुढं सरकून बसला. पडद्यावरच्या कवडूनं पत्र्यावर हात ठेवला, ओठ हलले, आणि आवाज आला तो फक्त वाऱ्याचा.

"आवाज वाढव, हरिदास."

मी बटण पिळलं. वारा मोठा झाला.

"वाढव ना रे!"

"सारा वाढवला, कवडू."

गाडी निघून गेली. मुक्या सिनेमात त्यांना शब्द नको होते. माणसानं जन्मात एकदा तोंड उघडलं आणि तेच यांनी पुसून टाकलं. मला त्या दाढीवाल्याचा असा राग आला, की समोर असता तर छत्रीनंच बडवला असता.

तेवढ्यात फोन वाजला. नागसेन! मी रिसीव्हर कवडूच्या हाती दिला. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"बाबा, थितं तुमी काईतरी म्हनलं. ओठ हालले. काय म्हनलं?"

कवडूनं आमच्याकडं पाहिलं. बाबारावाकडं, रुख्माबाईकडं, माझ्याकडं.

"काई नाई. मोऱ्याले म्हनलं."

मी रिसीव्हर ओढून घ्यायला हवा होता. सांगायला हवं होतं, मी ऐकलं, माझ्या कानांनी ऐकलं. नको तिथं बोलणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो. आजही त्याची खंत आहे.

मग नागसेन हळू आवाजात काही बोलला. कवडू "बरं" म्हणाला आणि रिसीव्हर उलटा ठेवून निघाला.

"काय म्हने पोरगा?" मी विचारलं.

"मोऱ्याले निरोप हाये."

त्याचा दुपट्टा बाजेवर राहिला होता, तो घेऊन मी मागं गेलो. मोऱ्या आता थकला होता, कामाचा उरला नव्हता, पण कवडूनं त्याला विकला नव्हता. गोठ्यात तो मोऱ्याच्या कपाळावर हात ठेवून उभा होता.

"मोऱ्या," तो म्हणाला, "थो म्हनते, माय असती तं आलो असतो."

बैलानं कान हलवला.

"त्याले सांग, बराबर हाये त्याचं."